बांधाबाहेरचा मनोरा

मी एक जुना मनोरा आहे, मित्रांनो. पूर्वी मला चर्चचा मनोरा म्हणायचे, पण आता चर्चच उरलं नाही, तेव्हा तो मान कशाच्या जोरावर सांगू? भरती असली की मी गुडघाभर खाऱ्या पाण्यात उभा असतो, ओहोटी असली की घोटाभर चिखलात. डोक्यावर पाणकावळे पंख वाळवत बसतात आणि काय घाण करायची ती तिथूनच करतात. होड्यांवरची माणसं मला 'मुका' म्हणतात. "मुका डाव्या हाताला ठेव आणि मग वळ," असं बाप लेकीला शिकवत जातो. म्हणू देत. एके काळी माझा आवाज शेजारच्या बेटावर ऐकू जायचा, हे त्यांना कुठून माहीत असणार?

माझ्याभोवती वेर्वेके नावाचं गाव होतं. ते आता पाण्याखाली आहे. ते कसं बुडालं हे ठाऊक असलेला मी एकटाच उरलोय. आणि खरं सांगायचं तर त्या बुडण्याची सुरुवात माझ्यापासूनच झाली. पाचशे वर्षं हे मनात ठेवून उभा आहे. आज तुम्हाला सांगून टाकतो.

आमच्या झेलंडात, या समुद्रातल्या सखल बेटांच्या मुलखात, दगड नाही. खाली चिखल, वर आभाळ आणि मध्ये बांध. समुद्र बांधाच्या पलीकडे आणि माणसं अलीकडे. वेर्वेकेची माणसं तेव्हा मेंढ्या राखायची. छोटंसं विटांचं चर्च होतं, त्यात सगळे मावायचे, कुणाचं काही अडत नव्हतं. पण शेजारच्या गावानं उंच मनोरा बांधला, आणि आमच्या लोकांना घास गोड लागेना. खिडकीतून बघावं तर तोच दिसायचा! मग ठरलं, आपलाही मनोरा हवा, आणि त्याच्यापेक्षा दहा हात तरी उंच हवा.

हुब्रेख्त नावाचा गवंडी ब्राबांटहून आला. बुटका, चिडका आणि फार हुशार माणूस. त्यानं आल्या आल्या एक लांब सळई जमिनीत खुपसली. वर थोडी चिकणमाती, मग तीन पुरुष खोल काळी, भुसभुशीत, पाण्यानं फुगलेली जळाऊ माती, आणि त्याच्या खाली निळी घट्ट चिकणमाती. त्यानं सळई पुसली आणि म्हणाला, "असल्या ओल्या पावावर मी मनोरा ठेवणार नाही. खणून काढा सगळं."

गावचे म्हातारे चिडले. "अहो, आमचं चर्च दीडशे वर्षं उभं आहे की त्याच्यावर!"

"उभं कुठलं? बसलंय ते. वाकून बघा, उंबरा किती खाली गेलाय तुमचा." मग थोडा नरमला आणि म्हणाला, "वर काय बांधलं ते गाव बघतं, बाबांनो. खाली काय बांधलं ते पाणी बघतं."

तर मित्रांनो, माझा जन्म असा खड्ड्यात झाला. अख्खा उन्हाळा गाव खणत होतं. निळी माती लागल्यावर हुब्रेख्तनं तीत ओकचे वासे ठोकले, त्यांच्यावर बैलांची कातडी अंथरली आणि कातड्यांवर माझा पहिला थर बसवला. म्हणूनच मी आजही उभा आहे. माझे पाय निळ्या मातीत आहेत. गावात दुसऱ्या कुणाचेच नव्हते.

आणि ती उपसलेली काळी माती? ती चर्चमागे ढीग होऊन पडली. उन्हानं वाळली. हिवाळ्यात कुणीतरी ती शेकोटीला घातली. सकाळी राखेवर पांढरी बुरशी आल्यागत दिसलं, एका म्हातारीनं बोट लावून चाखलं आणि ती ओरडली, "अगं बाई, मीठ!" जुन्या काळी समुद्राचं पाणी त्या मातीत मुरलेलं होतं. राख समुद्राच्या पाण्यात कालवायची, गाळायची, मोठ्या कढईत आटवायची, की बारीक, पांढरंशुभ्र मीठ. हेरिंग मासे खारवणाऱ्यांनी ते हातावर घेतलं आणि विचारलं, आणखी आहे का?

आणखी म्हणजे काय, पायाखाली तीन पुरुष खोल होतं! पावसात मेंढ्यांच्या मागे हिंडण्यापेक्षा हे बरं, असं सगळ्यांना वाटलं. पुढच्या वर्षी प्रत्येक घरामागे एक खड्डा होता. वेर्वेकेतला पहिला खड्डा माझ्यासाठी खणला गेला, हे मी कधी विसरलो नाही.

माझं बांधकाम चाळीस वर्षं चाललं, आणि सगळं मिठावर चाललं. विटा त्याच काळ्या मातीच्या आगीत भाजल्या. पांढरा दगड ब्राबांटहून पडावांतून आला. दहा थर विटांचे, एक पट्टा दगडाचा, असा मी चढत गेलो. चारी कोपऱ्यांना पायऱ्यापायऱ्यांचे धिरे दिले, म्हणजे वारा कुठूनही आला तरी मला खांदा देणारं कुणीतरी असावं. पोटातून गोल जिना काढला, एकशे बावन्न पायऱ्यांचा. त्याच्यावर उंच, टोकदार कमानींच्या खिडक्या आल्या आणि कमानींच्या वर दगडी चेहरे बसवले. एक चेहरा हुब्रेख्तच्या सासूचा होता, हे गावात सगळ्यांना माहीत होतं आणि सासूलाही माहीत होतं. एप्रिलच्या उन्हात माझ्या विटा तांबूस दिसायच्या. लोक मान वर करून बघायचे आणि त्यांच्या टोप्या पडायच्या. मला फार गर्व होता, मित्रांनो. लपवण्यात काय अर्थ आहे?

पण मी वीतभर वर चढलो की गाव वीतभर खाली जायचं. आतलं काढून घेतल्यावर जमीन बसणारच. बांधाबाहेर समुद्र होता तिथेच होता, बांधाच्या आतली शेतं मात्र त्याच्याहून खाली गेली. हुब्रेख्त अगदी म्हातारा झाला होता तेव्हा एकदा वर आला. माझ्या माथ्यावर आठ कोनांचा दगडी मुकुट चढवायचा बाकी होता. त्यानं माझ्याकडे बघितलंच नाही. तो खाली खड्ड्यांकडे बघत राहिला. सगळीकडे पाणी चमकत होतं. "एक खड्डा सांगितला होता रे मी," तो म्हणाला. "एकच." मुकुट त्यानं चढवलाच नाही. पाटीच्या दगडाचं साधं छप्पर घातलं आणि तो गेला. मी आयुष्यभर बोडकाच राहिलो.

माझी घंटा चर्चच्या अंगणातच ओतली. घराघरातून बायकांनी तांब्याची भांडी आणून दिली. तिचं नाव कातलाइन ठेवलं. काय आवाज होता तिचा! लग्नाला ती झपझप वाजायची, मयताला सावकाश. आणि वादळात नुसती अखंड. त्याचा नियम असा होता की कातलाइन अखंड वाजायला लागली की प्रत्येक घरातला माणूस लांब दांड्याचं फावडं घेऊन बांधावर हजर झाला पाहिजे. ती वाजते आहे तोवर बांध सोडायचा नाही. ती थांबली म्हणजे धोका टळला, घरी जायचं. पोराटोरांनाही हे पाठ होतं. हा नियम नीट लक्षात ठेवा, कारण सगळा घात त्यानंच केला.

दुसरा नियम फावड्याचा होता. बांधाचा एकेक तुकडा एकेका घराकडे असायचा, ज्याचं शेत त्याचा बांध. तो सांभाळणं झेपेनासं झालं तर माणूस आपलं फावडं बांधात रोवायचा आणि अंगावरच्या कपड्यांनिशी गाव सोडून जायचा. तीन दिवस रोज घंटेचे तीन टोल द्यायचे. त्या मुदतीत जो कोणी ते फावडं उपटेल, त्याचं ते शेत, घर, गुरं, सगळं. आणि त्याबरोबर बांधही त्याचाच. फावडं रोवणारा माणूस मागे वळून बघत नसे. असे टोल देताना कातलाइनचाही आवाज बसायचा असं मला वाटे.

आता टानेकेबद्दल सांगतो. माझ्या आयुष्यात इतकी माणसं आली, पण जीव जडला तो तिच्यावर. तिचा नवरा घंटा वाजवायचा. तो तापानं गेला, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ही जिना चढून आली आणि तिनं दोरी धरली. तोवर बाईनं घंटा वाजवल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. खालून एकजण ओरडला, "ए टानेके, बाईच्या हातची घंटा ऐकून गाईंचं दूध नासेल हो!"

तिनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "तुझं तोंड दिवसभर वाजतं, तेव्हा नासत नाही होय?"

गाव हसलं आणि विषय संपला. पुढे अकरा वर्षं तिनं मला सांभाळलं. कावळ्यांची घरटी काढायची, दोरीला चरबी लावायची, जिना झाडायची. दोरीची खोली माझ्या पोटात, साठाव्या पायरीवर. तिथे पश्चिमेला एक अरुंद खिडकी होती. तिथे बसून ती राय धान्याची भाकरी आणि धुरावलेला ईल मासा खायची आणि माझ्याशी बोलायची. "काय रे बाबा, आज गुडघे दुखतात का? माझे दुखतात." तिला मूलबाळ नव्हतं. होता तो एक धाकटा भाऊ, लीव्हन. आई बाळंतपणात गेली तेव्हापासून टानेकेनंच त्याला वाढवलं होतं. तिचा सगळा जीव त्याच्यात होता.

एका वसंतात पश्चिमेच्या कोपऱ्यातल्या म्हाताऱ्यानं फावडं रोवलं. बांधाचा तो तुकडा सर्वांत लांब आणि सर्वांत वाऱ्याचा. दोन दिवस कुणी फिरकलं नाही. तिसऱ्या दिवशी लीव्हननं हसत हसत फावडं उपटलं आणि तसाच ते खांद्यावर टाकून बहिणीकडे आला.

"ताई, जमीनदार झालो मी!"

"अरे वेड्या, तो बांध कोण सांभाळणार? चार माणसांचं काम आहे ते."

"बांध कुठे पळून जातोय? अगं, खालची माती बघितलीस का तिथली? कुणी हातसुद्धा लावलेला नाही. नुसतं मीठ आहे, मीठ!"

बांधापासून दोनशे पावलांच्या आत खणायला सक्त मनाई होती. का, ते तुम्हीच सांगा. बांधाच्या पायाखालचंच काढून घेतलं तर तो कशावर उभा राहणार? असं खणताना कुणी सापडला तर त्याचा उजवा हात तोडायचे आणि त्याला बेटाबाहेर घालवायचे. पण कायदा खाली होता, आणि खड्डे फक्त वरून दिसत. लीव्हन खणून झालं की वर वेत आणि बोरू अंथरायचा, त्यावर गवताची ढेकळं ठेवायचा. बांधावरून चालणाऱ्याला हिरवंगार दिसायचं. मला मात्र ढेकळांच्या फटींतून पाणी चमकताना दिसे. टानेकेलाही दिसे.

तिनं त्याला वर बोलावलं आणि खिडकीशी उभं केलं. "हे काय आहे?"

"ताई, हळू बोल."

"दीडशे पावलं. मोजलीत मी इथून. नव्वदवरही आहे एक!"

"सगळेच खणतात गं."

"सगळे खणोत. माझा भाऊ तू एकटाच आहेस."

 मग त्यानं उजवा हात तिच्यासमोर धरला. "जा, सांग बांधाच्या कारभाऱ्याला. घेऊन जा हा हात." ती त्या हाताकडे बघत राहिली. हाच हात धरून तिनं त्याला चालायला शिकवलं होतं. शेवटी म्हणाली, "या उन्हाळ्यानंतर पुरे. भरून काढ सगळं. शपथ घे." त्यानं शपथ घेतली. शपथा तो लहानपणापासून भराभर घ्यायचा.

बांधाचा कारभारी वोल्फर्ट वर्षातून तीनदा बांध तपासायचा. घोड्यावर बसून, मागे चार मानकरी, आणि तपासणी झाली की बिअर आणि मोहरी लावलेलं डुकराचं मांस. ते बांधाच्या माथ्यावरून जायचे. माथा सरळ आहे, गवत आहे, झालं. पायथ्याशी उतरून कुणी कधी बघितलं नाही. त्या वर्षी शरदाच्या तपासणीनंतर वोल्फर्ट एकटाच धापा टाकत जिना चढून आला. खिडकीशी गेला नाही. पाठ भिंतीला लावून बसला.

"टानेके, तुला वरून सगळं दिसतं. पश्चिमेला काही दिसलं असलं तर सांग बाई. हिवाळा तोंडावर आलाय."

मित्रांनो, तेव्हा मला जे वाटलं ते कसं सांगू? माझ्या पोटात साठ मण कांसं टांगलेलं होतं. बेटावर सगळ्यांत मोठा आवाज माझा. पण त्या आवाजाला शब्द नाही, आणि तोही कुणी दोरी ओढल्याशिवाय निघत नाही. मला ओरडायचं होतं, खिडकीशी जा रे, दोन पावलं आहे खिडकी!

टानेके दोरीला चरबी लावत होती. ती मान वर न करता म्हणाली, "गेले आठ दिवस धुकं होतं, कारभारी. काही दिसत नव्हतं."

"धुकं," वोल्फर्ट म्हणाला. "हो, धुकं होतं खरं." आणि तो खाली उतरून गेला.

नोव्हेंबरात, सेंट मार्टिनच्या सणाच्या आदल्या दिवशी सकाळी वायव्येचा वारा सुटला. घराघरात सणाच्या जेवणासाठी हंस सोलून ठेवले होते. दहाच्या सुमाराला मला माझे धिरे कण्हताना ऐकू आले. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. भरती अजून अर्ध्यावर होती आणि पाणी आत्ताच बांधाच्या खांद्याला लागलं होतं. टानेके पळत आली आणि तिनं दोरी धरली. कातलाइन वाजू लागली, अखंड. दारं उघडली, माणसं फावडी घेऊन निघाली आणि सगळीच्या सगळी उत्तरेला गेली! उत्तरेला पाणी सोडायचं लाकडी दार होतं. आजवर प्रत्येक वादळात धोका तिथेच झालेला. घंटा म्हणते या. कुठे या, ते घंटेला सांगता येत नाही.

टानेके ओढत होती आणि पश्चिमेच्या खिडकीतून बघत होती. बांधाचा माथा लीव्हनच्या कोपऱ्यात सरळ नव्हता. मध्ये थोडा खचला होता. आतल्या बाजूची हिरवी ढेकळं तरंगायला लागली होती. आणि तिथे एकच माणूस होता. लीव्हन. तो वेड्यासारखा माती टाकत होता. एकदा त्यानं थांबून माझ्याकडे बघितलं आणि दोन्ही हात हलवले. मदत पाठव, असं म्हणत होता तो.

ती खिडकीतून ओरडली. वाऱ्यात तिचा आवाज मलाही नीट ऐकू आला नाही. खाली चिटपाखरू नव्हतं. "काय करू रे बाबा?" ती मला म्हणाली. "काय करू, सांग ना!" दोरी धरून राहिली तर सगळे उत्तरेलाच राहणार. दोरी सोडून सांगायला गेली तर घंटा थांबणार. मी काय सांगणार होतो? तिनं आणखी दहा-बारा हिसके दिले, मग दोरी सोडली आणि जिन्यावरून खाली धावत सुटली.

कातलाइन दोन-चार झोके घेऊन थांबली.

उत्तरेच्या बांधावर माणसांनी एकमेकांकडे बघितलं. घंटा थांबली. दार तर धडधाकट होतं. कुणी फावडं खांद्यावर घेतलं, कुणी थोपटलं दुसऱ्याच्या पाठीवर, आणि ते घराकडे निघाले. घरं सखल भागात होती, मिठाच्या खड्ड्यांच्या मधोमध. टानेके अर्ध्या वाटेवर त्यांना भेटली. तिनं वोल्फर्टचा कोट धरला आणि पश्चिमेकडे बोट दाखवलं. त्याच वेळी मला पश्चिमेचा बांध बसताना दिसला. तो फुटला नाही हो, बसला. थकलेला माणूस खुर्चीत बसतो तसा. आणि त्याच्यावरून समुद्र आत आला.

पुढचं मी थोडक्यात सांगतो, फार सांगवत नाही. ज्यांना माझं दार गाठता आलं ते जिना चढून वर आले. एकशे बावन्न पायऱ्यांवर माणसं होती, काहींच्या काखेत मुलं, एका बाईच्या हातात सोललेला हंस तसाच. गावातली निम्मीच होती ती. बाकीची घरी पोचली होती. लीव्हन कुठे दिसला नाही. टानेकेला ओढून आणलं तेव्हा ती छातीपर्यंत भिजलेली होती. चर्चचं छप्पर पाण्यात बसलं. मी हललो नाही. माझे पाय निळ्या मातीत होते ना. मला त्या दिवशी स्वतःची लाज वाटली.

दुपारनंतर वारा पडला तेव्हा ती जिन्यावर उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "धुकं नव्हतं, कारभारी."

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. मला वाटलं, आता हे तिला खिडकीतून फेकून देणार.

वोल्फर्टनं तोंडावरून हात फिरवला. "माहीत होतं मला," तो म्हणाला. "म्हणून तर मी खिडकीशी गेलो नाही. दक्षिणेच्या बांधाला माझे दोन खड्डे आहेत. ऐंशी पावलांवर." पायऱ्यांवरची माणसं आपापल्या पायांकडे बघायला लागली. एकेकाचे किती खड्डे कुठे होते, मला सगळे पाठ होते. लीव्हनचा बांध आधी बसला, इतकंच.

बैल गेला आणि झोपा केला, म्हणतात. आमच्याकडे झोपा करायलाही कुणात बळ उरलं नव्हतं. फुटीतून दिवसातून दोनदा भरती आत यायची. चौथ्या दिवशी वोल्फर्टनं आपलं फावडं उरलेल्या बांधावर रोवलं. एका घरासाठी नाही, अख्ख्या गावासाठी. तीन दिवस टानेकेनं तीन-तीन टोल दिले. शेजारच्या गावांनी ते ऐकले. ज्या गावाला खिजवायला मला बांधलं, तिथली माणसं होड्यांतून आली, लांबून बघितलं आणि परत गेली. कुणी फावड्याला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी उरलेलं गाव होड्यांत सामान भरू लागलं.

तेव्हा टानेके खाली उतरली, बांधावर गेली आणि तिनं दोन्ही हातांनी फावडं धरलं.

"अगं, वेडी झालीस का?" वोल्फर्ट ओरडला. "ओढू नकोस! ओढलंस तर सगळा बांध तुझा होईल."

"होऊ दे. माझ्या भावानं खणलं. मी भरते."

तिनं ते उपटलं. कायद्यानं त्या क्षणी वेर्वेकेची सगळी जमीन, सगळी घरं, समुद्राखालची शेतं, सगळं एका बाईच्या मालकीचं झालं. वोल्फर्टनं तिच्यासमोर टोपी काढली आणि तो होडीत जाऊन बसला.

सगळा हिवाळा ती दोरीच्या खोलीत राहिली. ओहोटी आली की टोपली आणि फावडं घेऊन जायची, निळी माती खणायची, फुटीत टाकायची. भरती आली की समुद्र ती घेऊन जायचा. ती परत जायची. बोटं फुटली, त्यांना ती दोरीची चरबी लावायची. मी तिला रोज बघत होतो. थांब गं, मला म्हणायचं होतं. आणि थांबू नकोस, हेही म्हणायचं होतं. कारण ती थांबली की सगळं संपणार, हे मला ठाऊक होतं.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला, मेणबत्त्यांच्या सणाच्या दिवशी ती गेलीच नाही. पायरीवर बसून राहिली. मग उठली आणि माझ्या दारासमोरच्या दोन दगडांच्या फटीत तिनं फावडं रोवलं. वर येऊन तीन टोल दिले. दुसऱ्या दिवशी तीन. तिसऱ्या दिवशी तीन. ऐकायला आता गावात चिटपाखरू नव्हतं. मग तिनं माझ्या भिंतीला कपाळ टेकलं आणि म्हणाली, "आता गावात तूच उरलास रे बाबा. आता हे तुझं." ईल पकडणारी एक होडी जात होती, तिला तिनं हात केला. तिनंही मागे वळून बघितलं नाही.

पुढची हकिगत लहान आहे. कुठल्याशा शहरानं चर्चच्या विटा नेल्या. कातलाइनला उतरवून नेलं. मला पाडायचं ठरलं होतं, पण होडीवाल्यांनी खुणेसाठी मागून घेतलं. नवा बांध घातला तो माझ्या मागे, खूप आत. मी बाहेर राहिलो. दक्षिणेच्या धिऱ्याला भेग आहे. ओंजळभर विटा दर हिवाळ्यात पडतात. फावड्याचं पातं गंजून गेलं, दांडा किड्यांनी खाल्ला, फट मात्र अजून आहे. ओहोटीला आलात तर तुमचं बोट आत जाईल.

त्या नव्या बांधावर उन्हाळ्यात तुम्ही फिरायला येता, मला दिसता. माथ्यावरून चालता. गवत छान आहे, म्हणता. मित्रांनो, एकदा खाली उतरा. पायथ्याशी जाऊन बघा. तुमच्या बहिणीला, भावाला, कारभाऱ्याला काही दिसलं असेल आणि तरी ते धुकं होतं असं म्हणत असतील, तर त्यांना हात धरून खिडकीशी न्या. मी हे इतक्या वर्षांत एकालाही सांगू शकलो नाही.

टानेकेनं माझ्यापुढे फावडं रोवलं, त्याची मुदत तीन दिवसांची होती. तिनं ते मला दिलं, कारण द्यायला दुसरं कुणी नव्हतं. मी रोज ती फट बघतो. मला घेता आलं नाही. मला पाय दिले होते हुब्रेख्तनं, चांगले खोल पाय दिले. हात कुणी दिले नाहीत.

तुम्हाला आहेत.